जुनाट दुखण्यात मन कसं सांभाळायचं : सांगली-मिरज भागातल्या नवख्यांसाठी

दुखणं सुरू होऊन तीन महिने उलटले, एक्स-रे आणि एमआरआयच्या पिशव्या कपाटावर साठल्या, गोळी घेतली की उतरतं आणि परत चढतं. आणि परवा डॉक्टर "आता थोडी सवय करून घ्यावी लागेल" म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. तुम्ही या टप्प्यावर असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. कुणाचं दुखणं कमरेचं असतं, कुणाचं गुडघ्याचं, कुणाचा संधिवात, कुणाला नागीण बरी झाली तरी कळ राहते, कुणाच्या शुगरमुळे तळपाय पेटतात. औषधं ज्याची त्याची वेगळी. पण सोबत येणारी चिडचिड, भीती, पैशाची काळजी आणि "आपलं घराला ओझं झालंय" हा विचार मात्र सगळीकडे सारखाच. त्याबद्दल ओपीडीत कुणी बोलत नाही, कारण तिथं वेळच नसतो.

माझं दुखणं मणक्याचं. घर तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचे डोस इथं सापडणार नाहीत. एवढं मात्र ठामपणे सांगेन, की "दुखायचं थांबलं की मग बघू" या बोलीवर आयुष्य तहकूब ठेवू नका. मनाकडे बघणं हा उपचारातलाच भाग आहे आणि तो दुखत असतानाच सुरू करायचा असतो.

१. आधी धोक्याचं काही नाही ना, याची खात्री

मन सांभाळण्याच्या नादात शरीराची हाक ऐकायची राहायला नको. पुढचं काही दिसलं तर खाली सांगितलेली वही, श्वास वगैरे बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा : लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणं, जांघेत-बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, दुखण्यासोबत ताप, किंवा कारण नसताना वजन उतरणं.

यातलं काही नसेल, तपासण्या झाल्या असतील, तर पुढचा घोळ रिपोर्टचा असतो. रिपोर्ट नॉर्मल आला तर घरचे म्हणतात, "मग दुखतंय कुठं?" आणि त्यात 'डीजनरेटिव्ह', म्हणजे झिजेचा, असा शब्द असला तर आपण मनातल्या मनात व्हीलचेअरवर जाऊन बसतो. पन्नाशीच्या, काहीही दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तरी दहापैकी साधारण आठजणांत मणक्यातल्या चकतीची झीज दिसते. तेव्हा रिपोर्टातल्या शब्दावरून दुखणं किती, हे ठरत नाही.

उलट बाजूही लक्षात घ्या. फोटोत काही दिसलं नाही म्हणून वेदना खोटी ठरत नाही. दुखणं लांबलं की मज्जासंस्थाच हळवी होते. बागेत एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं पान हललं तरी भुंकायला लागतं, तसं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली सुधारलेल्या व्याख्येतही वेदना हा शरीराचा आणि भावनेचा, असा दोन्हींचा अनुभव मानलाय. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून लागू झाली, तिच्यात जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा आहे. "मनाचे खेळ आहेत" म्हणणाऱ्याला एवढं सांगून गप्प बसायचं.

२. एकच फाईल

दर वेळी नवीन डॉक्टरपुढे पहिल्यापासून रामायण सांगणं हेच माणसाला थकवतं. एक जाड प्लॅस्टिकची फाईल घ्या आणि तिच्यात ठेवा :

- आधार कार्ड आणि रेशन कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स, पासपोर्ट साईज फोटो
- तारखेप्रमाणे लावलेले केसपेपर आणि रिपोर्ट, सर्वांत नवीन वर
- सध्या चालू असलेल्या गोळ्यांची यादी; नाव वाचता येत नसेल तर रिकामी पट्टीच ठेवा
- कोणती गोळी सोसली नाही, त्याची चिठ्ठी
- एका पानावर मोठ्या अक्षरात : दुखणं कधी सुरू झालं, कुठे, कशानं वाढतं, कशानं उतरतं

या शेवटच्या पानावर "फार दुखतं" एवढंच लिहू नका. ठणका आहे, सणक जाते, आग होते, मुंग्या येतात, की सकाळी उठताना सांधे जखडतात? यावरून डॉक्टरांना शिरेचं, स्नायूचं की सांध्याचं याचा अंदाज येतो, आणि तुमचं बोलणं दोन मिनिटांत उरकतं.

सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये काढून घरातल्या आणखी एकाला पाठवून ठेवा. नदीकाठच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या महापुरात भांडीकुंडी गेली तशा कित्येकांच्या फायलीही गेल्या.

३. दोन ओळींची वही

रोज रात्री दोनच ओळी. पहिलीत दुखण्याचा आकडा, शून्य ते दहा, आणि आज काय काय केलं. दुसरीत मनाचं : चिडले, रडू आलं, बरं वाटलं, कुणाशी बोलले. महिनाभरानं चाळून बघा. माझ्या वहीत आकडा चढायचा तो जास्त काम झालेल्या दिवशी नव्हे, तर झोप मोडलेल्या रात्रीनंतर आणि उधारीवरून घरात शब्दाला शब्द लागल्यानंतर. हे कुठल्याच एमआरआयमध्ये दिसलं नसतं.

सापळा असा, की वही हातात आली की काही जण दर तासाला आकडा टाकतात. मग दिवसभर लक्ष दुखण्यावरच. रात्री एकदा लिहायचं, वही बंद करायची.

४. दिवस बेतून चालवा

नवखा माणूस हमखास फसतो तो इथं. आज जरा बरं वाटतंय म्हणून तुंबलेली सगळी कामं उपसायची, दुसऱ्या दिवशी आडवं व्हायचं, तीन दिवस अंथरुणात काढायचे, त्या तीन दिवसांत अपराधी वाटून घ्यायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच. शरीरापेक्षा मन यात जास्त खचतं, कारण "आपल्याच्यानं काही होत नाही" हे दर आठवड्याला नव्यानं सिद्ध होतं.

दुखेपर्यंत काम आणि दुखल्यावर विश्रांती ही पद्धत सोडा. घड्याळ लावून काम करा आणि घड्याळ लावूनच थांबा, दुखत नसलं तरी.

बागेतलंच उदाहरण घ्या. डिपिंगला दोन्ही हात वर करून, जी.ए.च्या (घडाच्या वाढीसाठीचं संजीवक) पाण्याचा मग घडाखाली धरायचा, घड बुडवायचा, पुढच्या घडाकडे सरकायचं. मान मागे, कंबर ताणलेली, बोटांवरून पाणी कोपरापर्यंत ओघळतं आणि थंडीत ते झोंबतं. टोळीच्या बायका ओळीच्या ओळी उरकतात आणि त्यांच्या बरोबरीनं राहायची ईर्ष्या आपसूक येते. मला अशा कामात वीस मिनिटांनी सणक सुरू होते. म्हणून मी पंधराव्या मिनिटाला मग खाली ठेवते. दहा मिनिटं बांधावर बसून मजुरीचा हिशेब लिहायचा, टोळीला चहा द्यायचा, मग पुन्हा पंधरा मिनिटं. मिनिटं आठवड्याला एक-दोन या हिशेबानंच वाढवायची, आणि वाईट आठवडा आला तरी शून्यावर यायचं नाही, निम्म्यावर यायचं.

तुमचं काम शिलाईचं असेल, शाळेत उभं राहून शिकवायचं असेल, बेदाणा निवडायला बसायचं असेल किंवा एमआयडीसीत मशीनवर असेल, हिशेब हाच. आपल्याला झेपतात ती मिनिटं काढा आणि त्याच्या थोडं अलीकडे थांबा. दुसऱ्याच्या हाताखाली असाल तर मालकाला "मला जमत नाही" म्हणू नका. "दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं उठू द्या, काम पुरं करून देते" अशी नेमकी मागणी करा. नेमक्या मागणीला होकार मिळायची शक्यता जास्त असते. नाही मिळाला तर निदान कुठं उभे आहोत ते कळतं.

दिवसात एक गोष्ट अशी ठेवा जी उपयोगाची नाही, नुसती आवडीची आहे. दुखण्यात सर्वांत आधी तीच कापली जाते.

५. घरच्यांशी बोलायची रीत

घरातले लोक दोन टोकांना असतात. एक म्हणतो "नुसती कुरकुर", दुसरा हातातला तांब्यासुद्धा काढून घेतो. दोन्हींनी माणूस एकटा पडतो, आणि दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण त्याच्यावर रागावताही येत नाही.

आमच्याकडे आकड्याची पद्धत चालते. सकाळी चुलीपाशी सासूबाई विचारतात, "आज किती?"

"आत्या, आज सात."

"मग भाकरी मी थापते, तू कालवणाचं बघ."

बास. कण्हणं नाही, समजावणं नाही. तीन असेल त्या दिवशी भाकरी माझी. आकडा सांगितला की समोरच्याला काय करायचं ते कळतं. "काय सांगू, जीव नकोसा झालाय" म्हटलं की त्याला काहीच करता येत नाही, तो नुसता घाबरतो किंवा वैतागतो. ही सवय घराला लागायला वेळ लागतो. सुरुवातीला थट्टा होते, होऊ द्यावी.

नवरा-बायकोत दुखण्यामुळे जवळीक कमी होते. हा विषय आपल्याकडे कुणी काढत नाही आणि मग दोघंही आपापले अर्थ लावत बसतात. दुखणं कमी असलेल्या वेळी, रात्री दिवा मालवल्यावर नव्हे, दिवसाउजेडी चहा घेताना एकदा स्पष्ट बोला : "मला तुमचा कंटाळा आलेला नाही, मला हालचालीची भीती वाटते."

मुलांना खोटं सांगू नका. "आईला काही झालं नाही" असं म्हणून रडणारी आई त्यांना जास्त घाबरवते. "आईची कंबर दुखते, त्यात जिवाला धोका नाही, पण आज मी तुला उचलणार नाही" एवढं सहा वर्षांच्या पोराला नीट कळतं.

६. भोग, पुडी आणि पाहुण्यांचे सल्ले

"मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगून संपवायचे." हे वाक्य म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण ते ऐकून आपण स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. श्रद्धा असेल तर जरूर ठेवा. संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसणं, चार बायकांत टाळ वाजवणं यानं मन हलकं होतं, हे मी अनुभवानं सांगते. पण देवाच्या नावानं गोळ्या बंद करायला सांगणारा भेटला की चप्पल घालून निघायचं.

दुसरा सापळा पुडीचा. अमुक गावात एक माणूस बिननावाची पूड देतो, दोन दिवसांत संधिवात पळतो, असं कुणीतरी सांगतंच. अशा काही पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. म्हणूनच इतक्या लवकर बरं वाटतं. पुढे तोंड सुजतं, शुगर-बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. आधीच घेत असाल तर एकदम बंदही करू नका, त्यात वेगळा धोका असतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जा आणि दाखवा. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने खाणं हेही त्यातलंच, त्यानं पोट आणि किडनी दोन्ही बिघडू शकतात.

पाहुण्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा : "चालू आहे उपचार, डॉक्टरांना विचारून सांगते." हसून म्हणायचं आणि विषय पिकावर न्यायचा. यंदा दर काय निघाला, हे विचारलं की सांगलीच्या भागात कुणीही तुमची कंबर विसरतो.

७. मनाच्या डॉक्टरकडे जायचं कधी आणि कसं

दोन आठवड्यांच्या वर रोज उदास वाटतंय, आवडीच्या गोष्टीत गोडी राहिली नाही, झोप आणि भूक बिघडली, लहानसहान गोष्टीवर रडू किंवा राग येतोय, तर जा. "मी काय वेडी आहे का" हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. जुनाट दुखण्यात उदासी अनेकांना येते, त्यात नवल काही नाही.

वाट अशी :

पहिला टप्पा फोनचा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर असं सुरू करा : "मला बऱ्याच दिवसांपासून कमरेचं दुखणं आहे आणि आता मन लागत नाही."

दुसरा टप्पा ओपीडीचा. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा सांगलीच्या सिव्हिलला, म्हणजे वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात, केसपेपर काढताना "मानसोपचार" म्हणून सांगा. साताऱ्याकडच्यांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय जवळ पडेल. ओपीडीचे वार आधी विचारून जा, सकाळी लवकर पोचा, सोबत कुणी असेल तर बरं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं सरकारी व्यवस्थेत हा उपचार मिळणं तुमचा हक्क केलाय, त्यामुळे खिडकीवर आवाज बारीक करायची गरज नाही.

चिठ्ठीवर नैराश्याची गोळी दिसली की दचकू नका. यातल्या काही गोळ्या मज्जातंतूंच्या दुखण्यावरही चालतात. डॉक्टरांना सरळ विचारा, "ही दुखण्यासाठी दिलीय की मनासाठी?" गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात तोंड कोरडं पडतं, सुस्ती येते, आणि बहुतेक लोक तिथंच सोडून देतात. सोडायची असेल तर विचारून, हळूहळू.

समुपदेशनाला गेलात तर पहिल्या भेटीत जादू होत नाही. तिथं "मी आता कधीच बरी होणार नाही" अशा विचारांना पकडून तपासायला शिकवतात. जमलं तर चार-पाच वेळा तरी जा.

८. पैशाची बाजू

रात्री झोप उडवतं ते बऱ्याचदा दुखणं नसतं, बिल असतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते यादीतल्या शस्त्रक्रिया आणि भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. भरती व्हायच्या आधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, फाईल दाखवा, नंतर दाखवून उपयोग नाही. गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी दुकानात चौकशी करा, फरक डोळ्यांनी दिसेल.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल गैरसमज फार आहेत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के लागतात. नुसतं "दुखतं" यावर टक्के मिळत नाहीत. हालचाल किती अडली, ताकद किती गेली हे मोजतात. तसं काही असेल तर स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे सरकारी संकेतस्थळावर, अर्ज करा. एजंटाला पैसे देऊ नका. नाही मिळालं तर तुमचं दुखणं खोटं ठरलं, असं मात्र घरी येऊन मानू नका.

९. वाईट रात्रीची चिठ्ठी

दुखणं भडकतं तेव्हा डोकं चालत नाही, म्हणून चिठ्ठी चांगल्या दिवशी लिहून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवा. माझ्या चिठ्ठीवर आहे : डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, गरम पाण्याची पिशवी, कुशीवर झोपून गुडघ्यांत उशी, चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, बहिणीला फोन (ती रात्री दोनलाही उचलते), आणि "मागच्या वेळीही उतरलं होतं" हे वाक्य. तुमची यादी तुमची. अशा रात्री मोठे निर्णय घ्यायचे नाहीत, कुणाला लांबलचक मेसेज पाठवायचे नाहीत.

आणि एक स्पष्टच लिहिते, कारण आपला भाग द्राक्षाचा आहे आणि प्रत्येक शेडमध्ये फवारणीची औषधं असतात. "जगून काय उपयोग" असे विचार यायला लागले असतील तर ती औषधं कुलपात घाला आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. शिल्लक गोळ्याही. असा विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती वेळ टळेपर्यंत हाताशी काही नसणं, हाच बचाव. त्या क्षणी एकटे राहू नका, कुणालाही उठवा, १४४१६ लावा. काही घेतलं गेलं असेल तर १०८ ला फोन करा, घरगुती उपाय करत बसू नका. आपल्या माणसाबद्दल अशी शंका आली तर त्याला सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते.

१०. लग्नकार्य आणि भिशी सोडू नका

"बसवत नाही" म्हणून माणूस आधी लग्नं टाळतो, मग बारसं, मग बचत गटाची मीटिंग, आणि वर्षभरात त्याच्याकडे दुखण्याशिवाय बोलायला विषय राहत नाही. सगळीकडे पूर्ण वेळ थांबायलाच हवं, हा नियम कुणी केला? लग्नाला अक्षतांच्या जरा आधी पोचायचं. कडेची, दाराजवळची खुर्ची धरायची, म्हणजे उठून फिरता येतं. पंगत खाली असेल तर वाढप्याला आधीच सांगून टेबलावर ताट घ्यायचं. एसटीत मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, दणके तिथं जास्त बसतात. मधली घ्या, आणि कमरेमागे ठेवायला टॉवेलची गुंडाळी पिशवीत ठेवा. बायकांना २०२३ पासून निम्मं तिकीट आहेच. आणि भिशी तुमच्या घरी असेल त्या महिन्यात पोहे विकत आणले तर काही बिघडत नाही.